समाजआरतीला वाजता राहिलेला टाळ

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री मंदिरासमोरच्या मंडपात झालेले भाषण. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



उत्सव समितीनं आम्हाला विषय दिला : श्रद्धा, कला आणि साहित्य, आजच्या काळात. चिठ्ठी हातात आली तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही म्हणजे टाळकऱ्यांच्या पुढच्या ओळीतले आम्ही पाच-सहा म्हातारे. बोलतोय एक जण, पण हे बोलणं सगळ्यांनी पारावर बसून ठरवलेलं आहे. शब्द मोठे आहेत, आणि मोठ्या शब्दांवर बोलायला विद्वान मंडळी आहेत. आम्ही दिंडीत जे चालताना दिसतं तेवढंच सांगणार.

सुरुवात समाजआरतीपासून करू. नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात, 'हो' म्हणून आवाज देतात, आणि क्षणात लाख माणसांत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिथं जातात, काय झालं ते विचारतात, तक्रार ऐकून घेतात. टाळ थांबला म्हणजे समजायचं, गाऱ्हाणं ऐकलं गेलं.

मंडळी, आज शंभर वर्षांचा सोहळा आहे, सगळीकडं आनंद आहे, हारतुरे आहेत. पण आम्ही आमचा टाळ आज वाजता ठेवलेला आहे. आमची एक तक्रार आहे. कुणाविरुद्ध, ते शेवटी सांगतो.

आधी कलेचं बघू. वारकऱ्याची कला म्हणजे चाल. पाय चालतात ती एक चाल, आणि अभंग चालतो ती दुसरी. दोन्हीला एकच शब्द आहे, आणि आम्हाला वाटतं तो उगाच एक नाही. पहाटे काकडा, वाटेवर रूपाचे अभंग, वासुदेव, आंधळे, पांगळे, वाराचे अभंग, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, असा दिवसाचा क्रम लावलेला आहे. कुठल्या वेळी काय म्हणायचं हे कुणाच्या लहरीवर नाही. आपले जुने विणेकरी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते सांगायचे, 'दिवे घाटात जी चाल लावाल ती लोणंदच्या सपाटीला लावू नका. चढाला दम राहिला पाहिजे, सपाटीला झोप येता कामा नये.' आता याला कुणी शास्त्र म्हणो वा न म्हणो, शंभर वर्षं माणसं त्या चालीवर चाललेली आहेत.

आणि ही कला कागदावर नव्हती. आबांची शाळा दुसरीपर्यंत. त्यांच्या गुरूंना तर सही येत नव्हती, अंगठा करायचे. पण आळंदी ते पंढरपूर एकदा म्हटलेला अभंग पुन्हा न म्हणता पोचायचे. पाठांतर म्हणजे काय, ते आम्ही त्या माणसांत बघितलं.

साहित्याचंही तसंच आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही आपली श्रद्धा. अभ्यासक म्हणतात, वह्या गेल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी राहिले होते, म्हणून वाचले. आम्हाला या दोन्हींत भांडण दिसत नाही. पाण्याला जे बुडवता आलं नाही ते कुठं होतं? माणसाच्या मुखात होतं. संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यानं ते लिहूनही ठेवलं. तेलघाणा चालवणारा माणूस, पण तुकोबांच्या कीर्तनात मागं उभा राहायचा आणि हातानं अभंग उतरवायचा. पुढं १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीनं इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापून निघाली. म्हणजे मुख, वही आणि छापखाना अशा तिन्ही वाटांनी ती आपल्यापर्यंत आली. छापखाना आला तेव्हाही कुणी म्हणालं असेल, आता पाठांतर संपलं. संपलं नाही. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं छापलेली पोथी समोर ठेवून पोरं पाठ करू लागली. पुस्तक आणि पाठ यांचं वैर नाही, हे तिथं दिसलं.

आता सिनेमाचं सांगतो. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. आपली दिंडी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. आमच्या घरातली जुनी माणसं सांगायची की गावातले सात-आठ वारकरी बैलगाडी जुंपून तालुक्याला तो बघायला गेले. जाण्यापूर्वी वाद झाला, की माळकऱ्यानं तंबूतला खेळ बघावा का? गेले, आणि पडद्यावर पागनीस दिसले तसे उठून उभे राहिले. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही म्हणे. त्या चित्रपटाचा पुढं १९३७ साली परदेशात, व्हेनिसच्या महोत्सवातही गौरव झाला. पण आपल्या माणसांना व्हेनिस काय माहीत, त्यांना आपला तुकोबा दिसला.

यात एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवा. त्या चित्रपटातलं एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलं होतं. ते इतकं जमून गेलं की पुष्कळ लोकांना ते तुकोबांचंच वाटलं. कवीला यापेक्षा मोठं बक्षीस काय? पण आठवल्यांनी ते तुकोबांच्या नावावर खपवलेलं नव्हतं. पद आपलं म्हणूनच लिहिलं होतं, लोकांनी प्रेमानं घोटाळा केला. आणि आज काय चाललंय बघा. मोबाईलवर रोज सकाळी चार ओळी येतात, खाली 'तुका म्हणे', मागं विठ्ठलाचा फोटो. त्यातल्या निम्म्या ओळी कुठल्याच गाथेत नाहीत. कुणीतरी आपल्या मनातलं, कधी आपल्या रागातलं, कधी आपल्या राजकारणातलं, तुकोबांच्या तोंडी घातलेलं असतं. आणि आपण हात जोडून पुढं पाठवतो. जो आयुष्यभर खोट्यावर तुटून पडला त्याच्याच नावानं हे चालावं? आमचं एवढंच म्हणणं आहे, पुढं पाठवण्याआधी विचारा, गाथेत कितवा अभंग? सांगता आला नाही तर थांबा.

मग तबकड्या आल्या, आकाशवाणी आली. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी आली. ज्यांच्या गळ्यात माळ नाही, ज्यांनी पंढरी बघितली नाही, जे मराठी घरातही जन्मले नाहीत, तेही अभंग ऐकून डोळे पुसू लागले. लोक विचारतात, ही कला की भक्ती? आम्ही म्हणतो, विठ्ठल कुणाच्या कोणत्या दारानं घरात शिरतो ते आपण ठरवणारे कोण? कुणाच्या डोळ्यांनी, कुणाच्या पायांनी, कुणाच्या कानांनी. पण एक फरक आहे, तो सांगितला पाहिजे. मैफलीत एक गातो आणि हजार ऐकतात. वारकरी कीर्तनात महाराजांनी चरण सोडला की मागचे टाळकरी धृपद उचलतात, आणि मग सगळा मंडप उचलतो. चांगला गळा असलेलाही म्हणतो, फाटका गळा असलेलाही म्हणतो. इथं श्रोता म्हणून वेगळा कुणी नाही. ही आपली कलेची रीत. ती मैफलीपेक्षा थोर आहे असं नाही म्हणत, पण ती आपली आहे, आणि ती गेली तर दुसरा कुणी ती आणून देणार नाही.

लिहिणाऱ्यांनीही आपल्याबद्दल लिहिलं. दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालले आणि १९६४ साली त्यांचं 'पालखी' हे पुस्तक आलं. त्याआधी इरावती कर्वे चालल्या होत्या. त्यांचा 'वाटचाल' हा लेख १९४९ च्या 'परिपूर्ती' या पुस्तकात आहे. गावच्या शिक्षकांनी तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. बाईंनी वारीवर जीव लावून लिहिलंय. पण त्यांनी हेही लिहिलं की एकत्र भजन म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसत होती, आणि त्याचं त्यांना फार दुःख झालं. ऐकताना आम्हाला पहिल्यांदा राग आला. बाहेरची माणसं येतात आणि नावं ठेवतात, असं वाटलं. मग आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, 'खोटं काय आहे त्यात? आपल्या पाली नव्हत्या का दोन?' होत्या. आपल्या दिंडीत दोन पंगती होत्या, मंडळी. शंभर वर्षांच्या गौरवग्रंथात हेही छापलं पाहिजे. एकाच टाळाच्या दोरीला धरून दिवसभर नाचायचं आणि रात्री पत्रावळी लांब टाकायच्या. आबा विणेकरी झाले त्या वर्षी त्यांनी काही भाषण केलं नाही. पहिल्या मुक्कामाला गळ्यात वीणा तशीच ठेवून ते पलीकडच्या पंगतीत जाऊन बसले. पुढच्या वर्षी एकच पंगत झाली. चार घरं दिंडी सोडून गेली, त्यातली तीन परत आली. श्रद्धा सांगते की सगळे सारखे. पण आपण सारखे वागत नाही हे साहित्य दाखवतं. दोन्ही पाहिजेत.

माउल्यांचं तर राहूनच जातं. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी विठ्ठल-रखुमाईच्या किती ओव्या म्हटल्या! हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे परक्या मुलखातून आलेल्या माणसाला सुचलं, आणि आपल्या स्मरणिकेच्या पहिल्या खर्ड्यात शंभर वर्षांतल्या एकाही बाईचं नाव नव्हतं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी म्हणणारं तोंड गप्प झालं. जनाबाईला दळू लागायला देव आला म्हणतो आपण, पण आपल्या घरची जनी काय म्हणायची ते आपल्याला सांगता येत नाही.

आता ज्यासाठी टाळ वाजता ठेवला ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री भजन रंगलं होतं. एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उठला आणि त्यानं गौळण धरली. गळा सोन्यासारखा. पण चाल त्यानं सिनेमातल्या गाण्याची लावली होती. आम्ही टाळ थांबवले. नुसते थांबवले नाहीत, चारचौघांत बोललो. 'तमाशाचा फड वाटला का तुला?' असे शब्द आमच्या तोंडून गेले. पोरगा खाली मान घालून तंबूबाहेर गेला. आबा एवढंच म्हणाले, 'अरे, चाल चुकली होती. पोरगा नव्हता चुकला.' आम्ही ऐकलं नाही.

त्यानंतर त्यानं वारी सोडली नाही, हे विशेष. दिंडीचा पाण्याचा टँकर चालवायचा. पण टाळाला हात लावला नाही. भजनाला बसला नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, शिस्त राहिली.

२०२० साल आलं. वारी चालली नाही. पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. आबा तेव्हा ऐंशीच्या पुढं. रोज पहाटे ओट्यावर वीणा घेऊन बसायचे आणि आज पालखी जिथं असती त्या मुक्कामाचं भजन एकटेच म्हणायचे. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, असं घरात बसून चालले. हा पोरगा त्यांच्या शेजारचा. तो अंतर राखून पायरीवर बसायचा आणि मोबाईल ओट्याच्या कडेला ठेवायचा. आबांनी विचारलं, 'हे काय?' तर म्हणाला, 'आबा, तुम्ही म्हणा. मी नुसता ऐकतो.' मग आबाच त्याला सांगू लागले, ही चाल कुणाकडनं आली, इथं टाळ कुठं उचलायचा, इथं श्वास कुठं घ्यायचा.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. तेराव्याला या पोरानं मोबाईल काढला आणि आबांचा आवाज लावला. आम्ही सगळे तिथं होतो. बावीस चाली त्यात आहेत. आम्ही मोजून बघितलं, त्या बावीसमधल्या सात आम्हाला, पुढच्या ओळीतल्या टाळकऱ्यांना, आज पुऱ्या म्हणता येत नाहीत. चाळीस-चाळीस वर्षं आबांच्या मागं उभं राहून येत नाहीत. आबा होते तोवर त्यांनी सुरुवात करायची, आम्ही धृपद उचलायचं, बास. त्यांना अजून किती येत होत्या? साठ? सत्तर? त्या आता इंद्रायणीतनं वर यायच्या नाहीत.

ज्याला आम्ही भजनातनं उठवलं त्यानंच भजन राखलं. ज्या मोबाईलला आम्ही नावं ठेवत होतो त्यातच आपल्या दिंडीचं धन आहे. आणि धन राखायचं काम ज्यांचं होतं ते आम्ही शिस्त राखत बसलो. तेव्हा आमची तक्रार पोरांविरुद्ध नाही, सिनेमाविरुद्ध नाही. ती आमच्याच विरुद्ध आहे.

आता समितीपुढं एक ठराव आलाय. शताब्दीच्या वारीत दिंडीच्या पुढं मोठ्या स्पीकरची गाडी ठेवायची आणि नामवंत गायकांचे अभंग लावायचे. ठराव आणणारी पोरं मनापासून बोलतायत, हौसेनं वर्गणी काढतायत, त्यांना आम्ही दुखावणार नाही. एकदा दुखावून बघितलंय. पण एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी माळशिरसच्या पुढं शिध्याच्या टेम्पोवर कुणीतरी छोटा स्पीकर लावला. अभंग फार गोड होता. अर्ध्या तासानं आमच्या ध्यानात आलं की टाळ गळ्यात लोंबतायत आणि एकही तोंड हलत नाही. सगळे छान ऐकत चालले होते. थोर गवयाचा आवाज होता हो, पण दिंडी मुकी झाली होती. म्हणून आम्ही म्हणतो, ते यंत्र रात्री मुक्कामाला वापरा, शिकायला वापरा. आबांचा आवाज लावा, एक कडवं ऐका, बंद करा, आपण म्हणा, चुकलं तर पुन्हा लावा. वाटेवर मात्र आपलंच तोंड पाहिजे. बेसूर असलं तरी आपलं पाहिजे.

आमच्या तीन मागण्या आहेत, समितीनं त्या लिहून घ्याव्यात. पहिली, दर एकादशीला या मंदिरात रात्री दोन तास चालीची शाळा. बावीस चाली आहेत, वर्षाला एकादश्या चोवीस आहेत. म्हणजे एका वर्षात हिशेब पुरा होतो, वर दोन रात्री उजळणीला उरतात. बाया आणि मुलीसुद्धा टाळ घेऊन बसतील, मागं नाही, पुढं. दुसरी, शाळेतल्या मुलींनी आपापल्या आजीकडनं पाच-पाच ओव्या लिहून आणाव्यात, आजीच्या नावासकट. त्या पुढच्या आषाढीपूर्वी छापायच्या. खर्च आम्ही म्हातारे देऊ, शालश्रीफळाचे पैसे त्यात घाला. तिसरी, कुणी पोरानं नवीन चाल लावली तर टाळ थांबवायचे नाहीत. भजन पुरं होऊ द्यायचं, आणि नंतर त्याला जवळ बसवून जुनी शिकवायची. मग त्यानं ठरवावं.

आणि शेवटचं. तो पोरगा आता तिशी ओलांडून गेलाय. आत्ता मंडपाच्या मागं, माईकच्या पेटीशी उभा आहे. आमचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय तो त्याच्यामुळं. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. बाळा, नातेपुत्याला आम्ही चुकलो. एवढं म्हणायला आम्हाला पंधरा वर्षं लागली, आणि आबा ऐकायला राहिले नाहीत. आता भाषण संपलं की भजन आहे. पेटी दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात दे आणि पुढं ये. आबांची गौळणीची चाल आम्हाला निम्मीच येते. तू धर, आम्ही मागनं उचलतो.

चोपदार, आमचं गाऱ्हाणं सांगून झालं. टाळ थांबवतो.

रामकृष्णहरी.